दोन पांढरी टिंबं

शर्वरी गेली त्या सकाळी मी घरी बॉयलरवाल्याची वाट बघत बसले होते. आठ ते एकच्या मध्ये कधीही येईल असं त्यांनी कळवलं होतं, म्हणून मिलिंद एकटाच हॉस्पिसला, शेवटचे दिवस असलेल्यांच्या इस्पितळात, गेला आणि मी मागे राहिले. दुपारी जाताना मुगाच्या डाळीचं पाणी न्यायचं, एवढंच डोक्यात होतं. साडेनऊला फोन वाजला. मिलिंद म्हणाला, "आई, शर्वरी गेला." मिलिंद माझा मुलगा. इथेच कॉव्हेंट्रीत जन्मला, इथेच शिकला. मराठी बोलतो, पण गेला-गेलीचा गोंधळ पन्नाशी आली तरी सुटलेला नाही. शर्वरी त्यावरून मला म्हणायची, "आई, लग्न केलं तेव्हा मी बाई होते हो, तुमच्या मुलाने मला बुवा करून टाकलं." त्याचं वाक्य मी आयुष्यभर सुधारत आले. त्या सकाळी सुधारलं नाही. मग बॉयलरवाला आला. मी त्याला चहा दिला, कागदावर सही केली. तो गेल्यावर कोट घातला आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.

या गोष्टीला आज सात आठवडे झाले. आपल्या मंडळाच्या या पुरवणीत शर्वरीवर तिच्या विद्यापीठातल्या एका मैत्रिणीने लिहायचं ठरलं होतं. शर्वरी प्राध्यापक होती, जपानचा जुना इतिहास शिकवायची, तेव्हा तिच्या कामाबद्दल जाणत्या माणसाने लिहावं हे बरोबरच. मी चौथीपर्यंत शिकले, तीही कऱ्हाडजवळच्या खेड्यातल्या शाळेत. पुढची सगळी वर्षं इथे कपड्यांच्या फॅक्टरीत मशीनवर आणि नंतर घरी ब्लाउज शिवण्यात गेली. तरी मीच फोन करून सांगितलं की मी लिहिते. कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मिलिंदलाही नाही. तोही इथेच वाचेल. त्याला तोंडावर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला... जमलं नाही.

शर्वरीला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या शिवणाच्या खोलीत. मिलिंद तेव्हा मँचेस्टरला नोकरीला होता आणि ती तिथे संशोधन करायला पुण्याहून आली होती. तो तिला घेऊन आला तेव्हा माझा एक घागरा अर्धवट होता, म्हणून मी मशीनवरून उठले नाही. ती सरळ खाली बसली आणि कार्पेटमधल्या टाचण्या वेचायला लागली. मी विचारलं, "काय शिकतेस?" म्हणाली, "जपानचा इतिहास, काकू." मी म्हटलं, "आपला संपला का?" तर हसली. जपानीच का, असं विचारलं तर म्हणाली, "पुण्यात आमच्या शेजारच्या बाई जपानी शिकवायच्या. त्यांच्याकडे पंखा चांगला होता. उन्हाळाभर बसले, तोवर भाषा यायला लागली." मग तिने सांगितलं की चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या एका सरदार घराण्यातल्या बाईवर ती काम करते आहे. त्या बाईने काय केलं, असं मी विचारलं. "तेच शोधतेय." "म्हणजे अजून माहीत नाही?" मिलिंद माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. ती मात्र टाचण्यांची डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "नाही ना. तुम्हाला काही सुचलं तर सांगा." ती मला लाडीगोडी लावते आहे असं मला वाटलं. पुढे कळलं की ती खरंच विचारत होती. वीस वर्षं ती मला विचारत राहिली.

त्या बाईचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून आमच्या घरात तिला आक्कासाहेब म्हणायचे. मी पोळ्या लाटायची आणि शर्वरी टेबलाशी बसून आक्कासाहेबांची पत्रं वाचून दाखवायची. आधी जपानीत एक ओळ, मग मराठीत. काळ लढायांचा. जो तो सरदार आपापल्या किल्ल्यात, आज सोयरा तो उद्या वैरी. आक्कासाहेबांचं माहेर अमिताभ बुद्धाचं भक्त. त्या बुद्धाचं नाव मनापासून घेतलं की माणूस मेल्यावर त्याच्या देशी जातो, एवढं साधं त्यांचं म्हणणं. सासर वेगळ्या पंथाचं. भिंतीकडे तोंड करून गप्प बसायचं, नाव कुणाचंच घ्यायचं नाही. ही पोरवयात लग्न होऊन आली ती तळहाताएवढी बुद्धाची मूर्ती आणि माहेरचा एक म्हातारा भिक्षू सोबत घेऊन. सासरच्यांशी वाद घातला नाही. फक्त मुदपाकखान्यात नाव घ्यायला सुरुवात केली. दासींनी उचललं, दाईंनी उचललं, अंगावर पिणाऱ्या मुलांच्या कानावर तेच पडलं. नवरा लढाईत पडल्यावर तिथल्या रिवाजाप्रमाणे तिने खांद्यापाशी केस कापले आणि ती भिक्षुणी झाली. मी म्हटलं, "संपलं म्हणजे." शर्वरी म्हणाली, "छे, तिथूनच सुरू झालं." कारण किल्ल्याच्या पायथ्याशी एक लहान घर बांधून ती त्यात राहिली आणि तिथून पत्रं लिहीत सुटली. कुठल्या मुलाने कुठली सोयरीक करायची, कुठल्या भिक्षूला देऊळ द्यायचं, कुठल्या कैद्याला सोडायचं. मुलगे तलवार बांधून आईच्या घरी जायचे आणि मान खाली घालून परत यायचे. नातवाच्या राज्यात गावोगावी अमिताभाची देवळं झाली.

शर्वरीला एकच प्रश्न पडलेला. ही बाई भक्ती करत होती की राज्य? तिच्या क्षेत्रातले लोक म्हणे दोन बाजूंना वाटले गेले होते आणि एकमेकांवर लेख लिहीत होते. मी म्हटलं, "मिलिंदला हाक मार." तो आला. मी विचारलं, "आपलं कुलदैवत कोण?" तो म्हणाला, "जोतिबा." मी म्हटलं, "जा आता." मग शर्वरीला सांगितलं, "जोतिबा माझ्या माहेरचा. तुझ्या सासऱ्यांचं कुलदैवत पालीचा खंडोबा. लग्न होऊन आले तेव्हा ट्रंकेत जोतिबाचा फोटो घेऊन आले, खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. सकाळी हात जोडताना पोराला काय म्हणायला लावायचं ते मीच ठरवणार ना? ते पहाटे फॅक्टरीत गेलेले असायचे." शर्वरीने विचारलं, "पण हे तुम्ही मुद्दाम केलंत की श्रद्धेने?" मी म्हटलं, "आता मला काय माहीत? मला माझा देव जवळ हवा होता. आणि थोडं मुद्दामही केलं. दोन्ही." ती ताडकन उठली, पीठ लागलेल्या वहीतच लिहायला लागली आणि म्हणाली, "आई, लोकांनी यावर दोनशे पानं लिहिलीत हो." मला काय त्याचं. माझी पोळी करपत होती.

लंडनच्या एका संग्रहालयात आक्कासाहेबांनी करवून घेतलेलं एक भरतकाम होतं. लोकांना बघायला मांडलेलं नव्हे, आत कपाटात ठेवलेलं. शर्वरीने परवानगी काढली आणि मला सोबत नेलं, मदतनीस म्हणून नाव लावून. मी माझं शिवणाचं भिंग घेतलं. आम्ही ट्रेनने यूस्टनला उतरलो, तिथून भुयारी ट्यूब. आतल्या बाईने हातमोजे घालून एक खण ओढला. गडद निळं रेशीम, विटलेलं, वर सोन्याच्या धाग्याचं कमळ आणि कमळावर पंजाएवढं एकच अक्षर. ते काळ्या केसांनी भरलेलं. माणसाच्या केसांनी. तिकडे तशी रीत होती. मेलेल्या बाईचे केस घेऊन बुद्धाचं अक्षर भरायचं, म्हणजे ती त्याच्या पायाशी पोचते. हे केस आक्कासाहेबांच्या धाकट्या सुनेचे, जी बाळंतपणात गेली. अक्षर 'ह्रीः'. अमिताभाचं बीजाक्षर. शर्वरीने सांगितलं की हे अक्षर फार पूर्वी आपल्याकडूनच चीनमार्गे तिकडे गेलं, आपल्या जुन्या लिपीत, आणि त्यांनी ते तसंच जपलं. मला अक्षर वाचता येईना, पण त्याच्या शेजारची दोन टिंबं मी ओळखली. गावाकडची कुणी बाई अचानक स्टेशनवर भेटावी तसं वाटलं.

मी भिंग लावून बघत बसले. एकेक टाका बघण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. मग मी म्हटलं, "शर्वरी, हे एका बाईचे केस नाहीत." अक्षर काळ्या केसांचं, जाड, चार-चार केस एकत्र पिळून घेतलेले. ती दोन टिंबं मात्र वेगळी. केस बारीक, रंग उडाल्यासारखा, आणि टाके आखूड, कारण केसच आखूड. जागोजाग जोडलेले. "ही म्हातारी बाई. कापलेल्या केसांची." त्या आतल्या बाईलाही मी माझ्या फॅक्टरीतल्या इंग्रजीत सांगितलं, "टू लेडीज. वन यंग, वन ओल्ड." ती वाकली, भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. शर्वरीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. परतीच्या ट्रेनमध्ये तिने विचारलं, "आई, सासूने आपले केस का घातले असतील?" मी म्हटलं, "पोरीचे संपले असतील. मटेरियल कमी पडलं की जवळचं काहीतरी लावतात. धर्मबिर्म काही नाही." तिने ते डोळे मिटून ऐकून घेतलं. वॉटफर्ड स्टेशन गेल्यावर म्हणाली, "पण त्या घरातल्या बायकांचे केस जमिनीपर्यंत असायचे हो." मी म्हटलं, "मग मला कशाला विचारतेस?" आणि डबा उघडला. तिच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या दोन टिंबांवर असणार होतं.

ते लिहायला घेतलं आणि तिचं दुखणं निघालं. पोटातलं. उशिरा कळलं. किमो ठरली तेव्हा नर्स म्हणाली की केस जाणार, तर आधीच कापून घेतलेले बरे. शर्वरीची वेणी कमरेखाली यायची. ती म्हणाली, "सलूनमध्ये नको. तुम्हीच कापा." माझी कापडाची कात्री मी कागदालाही लावू देत नाही. त्या दिवशी तीच घेतली. स्वयंपाकघरात, खुर्चीवर, गळ्याभोवती टॉवेल. वेणीच्या दोन्ही टोकांना दोरा बांधला आणि मध्ये कुठेही न थांबता कापली. थांबले असते तर हात चालला नसता. ती मानेवरून हात फिरवत म्हणाली, "झाले भिक्षुणी." मग वेणी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, मला ते अक्षर भरून द्या. माझ्या केसांनी. तुमच्यासारखा टाका कुणाचा नाही."

मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही, ओरडले. आमच्या गावाकडे कापलेले केस घरात ठेवत नाहीत. केस घरात पडले की भांडणं होतात. आजाऱ्याचे केस ठेवले तर आजार उंबरा सोडत नाही. मी म्हटलं, "जित्या माणसाचे केस आहेत हे. मेलेल्यांच्या केसांनी भरतात ना तुझ्या त्या जपानात? शिकून शिकून डोकं फिरलंय तुझं." ती शांतपणे म्हणाली, "बरं. मी भरते." तिने निळं रेशीम आणलं, रिंगेत ताणलं आणि भरायला बसली. तिला सुई धरता यायची नाही. किमोने बोटांची टोकं बधिर झालेली, सुई टोचली तरी कळायचं नाही, कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की कळायचं. मी येताजाता बोलायची. "टाके सैल पडलेत." "मागे गाठ दिसतेय, गाठ." ती म्हणायची, "मग दाखवा ना." मी हात पुसत निघून जायची. एकदाही बसले नाही. तरी तिने दोन महिन्यांत जवळजवळ सगळं अक्षर भरलं, वाकडंतिकडं. वेणी उशीच्या अभ्र्यात घालून ती तिच्या अभ्यासाच्या छोट्या खोलीत, बॉक्सरूममध्ये, ठेवायची आणि लागतील तसे चार-चार केस उपसून घ्यायची.

मग तिला ताप आला आणि हॉस्पिटलात ठेवलं. नऊ दिवस. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं की किमो हवी तशी लागू पडत नाही. तो घरी आला, जिन्यावर बसला आणि बूट न काढता रडला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे कौन्सिलची कचऱ्याची गाडी येते. तो हॉस्पिटलला गेल्यावर मी बॉक्सरूममध्ये गेले, अभ्रा उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बिनमध्ये टाकला. वर बटाट्याच्या साली घातल्या. खिडकीत उभी राहून गाडी येईपर्यंत वाट बघितली. गाडी आली, बिन उचलला, उलटा केला. मला खरंच वाटलं की आता ती बरी होईल. हसायचं तर हसा. मी म्हातारी आहे, अडाणी आहे, पण तेव्हा माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

ती घरी आली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "आई, माझी वेणी कुठे ठेवली मी?" तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सगळ्यांना तोंडावर बोलते. मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलंय की तुमचं भाषण लांबतं. डॉक्टरला म्हटलंय की तुला येत नसेल तर दुसऱ्याला बोलाव. आणि त्या पोरीला म्हटलं, "मला काय माहीत?" तिने कपाटं उपसली. मिलिंदला लॉफ्टवर चढवलं. मग थकून जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मीच कुठेतरी ठेवली असणार. हल्ली लक्षातच राहत नाही माझ्या." किमोने विसरायला होतं हे तिला नर्सने सांगितलेलं होतं. तिने ते स्वतःला लावून घेतलं. मी समोर उभी होते... आणि मी तिला ते लावून घेऊ दिलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात पिवळ्या चिठ्ठ्या दिसायला लागल्या. फ्रिजवर, आरशावर, किटलीवर. सकाळच्या गोळ्या. गॅस बंद. आईंना डोळ्यांच्या थेंबांची आठवण. ही बाई जी चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांची नाती बोटांवर सांगायची, ती किटलीवर चिठ्ठी लावायची. तिने डॉक्टरांना सांगितलं की माझी स्मरणशक्ती जाते आहे. त्यांनी डोक्याचं स्कॅन केलं. काही निघालं नाही. घरी येऊन दारातूनच ओरडली, "आई, मेंदू शाबूत आहे!" मिलिंदने तिला मिठी मारली. मी म्हटलं, "हात धू, जेवायला बस." तेव्हाही नाही सांगितलं. ती आनंदात होती, आता कशाला, असं वाटलं. पण धास्ती तिच्या मनातून गेली नाही. काही दिवसांनी तिने लॅपटॉप मिटला आणि मिलिंदला म्हणाली, "शेवटचं प्रकरण नाही लिहीत. मी काय वाचलं आणि काय मनाने घातलं, माझा मलाच भरवसा नाही. चुकीचं लिहिण्यापेक्षा नको." पुस्तक त्या प्रकरणाशिवाय येणार आहे. लोक म्हणतील आजारपणामुळे राहिलं. आजारपणामुळे नाही राहिलं. तिचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत लख्ख होतं. ती काहीही विसरली नव्हती. वेणी तिला आठवत होती तिथेच तिने ठेवली होती. हे छापून यावं म्हणून मी हा लेख मागून घेतला. शर्वरी विसरली नव्हती.

हॉस्पिसमध्ये तिची खोली बागेकडची होती. मी रोज दुपारी जायची, डाळीचं पाणी चमच्याने द्यायची. जाण्याच्या आदल्या दुपारी ती बरी बोलत होती. म्हणाली, "आई, जमिनीपर्यंत केस असलेल्या बाईचे केस संपत नाहीत हो." मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "मग चोरले असतील कुणीतरी." ती हसली. इतकी हसली की खोकला आला, नर्स धावत आली, तिला उठवून बसवलं. खोकला थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, आता विचारेल. मी मनाशी ठरवलं की विचारलं तर सांगायचं. तिने विचारलं, "उद्या बॉयलरवाला येणार ना? मग सकाळी नका येऊ, दुपारी या." मी म्हटलं, "हो. दुपारी येते." तिला कळलं होतं का? मला माहीत नाही. सात आठवडे मी तिचा तो चेहरा डोळ्यांपुढे आणून बघते आहे, भिंग लावून बघावं तसं. काही कळत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी तिची बॉक्सरूम आवरायला घेतली. शेवटच्या प्रकरणाचे कागद एका खोक्यात होते आणि त्या कागदांखाली रिंग. निळं रेशीम, काळं वाकडं अक्षर, शेजारी खडूने आखलेली दोन रिकामी टिंबं. आणि कापडाच्या कडेला टोचून ठेवलेली सुई, केस ओवलेली. वीतभर काळा केस, चार पदरी. पुढचा टाका घालायच्या तयारीत ठेवलेली. तेवढ्यात ताप आला असेल. शर्वरीच्या केसांतलं आता एवढंच या घरात आहे. बाकी सगळं मी कौन्सिलच्या गाडीत घातलं.

ती रिंग घेऊन मी शिवणाच्या खोलीत बसले. खुर्चीच्या पाठीला टॉवेल लावला, कंगवा घेतला आणि कंगव्यात आले तेवढे माझे पांढरे केस पक्के व्हावेत म्हणून मेणावरून ओढले. पांढरा केस चिवट नसतो, ओढला की तुटतो, दर दोन टाक्यांनी जोडावा लागतो. मागे गाठ दिसते. शर्वरीच्या गाठींना मी नावं ठेवली होती, माझ्या जास्त झाल्या. एका टिंबाला चार दिवस लागले, दुसऱ्याला सहा. दहा दिवस मी आक्कासाहेबांचाच विचार करत होते. मटेरियल कमी पडलं असं मी त्या ट्रेनमध्ये म्हटलं होतं आणि शर्वरीने ते ऐकून घेतलं होतं. एवढ्या राज्याची मालकीण, दाराशी दासी, शिवणाऱ्या बायका, सुनेचे जमिनीपर्यंत केस. आणि हिने आपले वीतभर पिकलेले केस तुटत-जोडत त्या अक्षराला लावले. तिचं त्या सुनेशी काय झालं होतं ते पत्रांत नाही. शर्वरीने सगळी पत्रं वाचली होती, त्यांत ते नाही. असल्या गोष्टी कुणी पत्रात लिहीत नाही.

आता रिंग माझ्या मशीनशेजारी खिडकीत आहे. मिलिंद येताजाता बघतो, विचारत नाही. हे छापून आलं की विचारेल. फॅक्टरीत नवीन पोरी यायच्या तेव्हा माझा पहिला नियम असायचा. ओवलेली सुई कापडात टोचून ठेवायची नाही. गंजते, कापड खाते. दोरा संपवायचा, सुई काढायची, मग उठायचं. मोडला तर मी सगळ्यांदेखत बोलायची. ती सुई अजून तशीच आहे, शर्वरीने टोचली तिथेच. निळ्या कापडावर सुईभोवती गंजाचा डाग धरायला लागलाय. रोज सकाळी मी मशीनवरचं झाकण काढते, तो डाग बघते आणि सुई तशीच राहू देते.